जपानच्या विद्यादात्री उमेकोबाई त्सुदा

जपानी भाषेत ‘को’ म्हणजे मूल, लेकरू. तिकडे मुलींच्या नावाच्या शेवटी पुष्कळदा हे ‘को’ येते. ‘उमे’ हे एका झाडाचे नाव. जर्दाळू आणि आलुबुखार यांच्या जातीतले हे झाड. कडाक्याच्या थंडीत, इतर झाडे उघडीबोडकी उभी असताना, याला आधी फुले येतात आणि मागाहून पाने फुटतात. म्हणून जपानी लोक हे फूल धीराचे व सोशिकपणाचे लक्षण मानतात. उमेको म्हणजे त्या फुलाचे लेकरू. हे नाव जपानात अनेकींचे आहे. परंतु ज्या बाईंनी ते सार्थ केले आणि ज्यांचे चित्र आज जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर आहे, त्या उमेको त्सुदा यांचे चरित्र आपल्या भगिनींपुढे ठेवावे, असे मला वाटले.

उमेकोचा जन्म ३१ डिसेंबर १८६४ रोजी एदो शहरात झाला. एदो म्हणजेच आजचे टोकियो. वडिलांचे नाव सेन आणि आईचे हात्सुको. थोरली मुलगीच होती. आता तरी मुलगा होईल अशी वडिलांना आशा होती. पुन्हा मुलगी झाली हे कळताच ते रागावून घराबाहेर निघून गेले, अशी हकिकत त्यांच्या घरात सांगत. बाळ सात दिवसांचे झाले तरी नाव ठेवायचा पत्ता नाही. बाळंतिणीच्या उशाशी कुंडीत उमेचे बुटके झाड होते. त्याच्याकडे पाहून आईनेच लेकीचे नाव उमे ठेवले. भगिनींनो, ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची खरी, पण आपल्यापैकी किती जणींना ती परकी वाटेल?

उमेचे वडील मात्र मनाने वाईट नव्हते. ते इंग्रजी शिकलेले होते. १८६७ साली सरकारी मंडळींबरोबर दुभाषे म्हणून ते अमेरिकेस जाऊन आले. पुढे त्यांनी शेतकीत नाव काढले, परदेशी भाज्या व फळझाडे लावली, शेतकीची शाळा चालवली. अमेरिकेत त्यांनी शिकलेल्या बायका पाहिल्या आणि त्यांचे मत पालटले. इतके पालटले, की मुलगी झाली म्हणून रागावलेल्या याच गृहस्थांनी पुढे आपली सहा वर्षांची पोर शिकायला परदेशी पाठवली.

त्याचे असे झाले. १८६८ साली जपानात राज्यक्रांती होऊन सम्राट मेइजी यांचा अंमल सुरू झाला. पाश्चात्त्यांची विद्या आपण घेतली पाहिजे असे नव्या सरकारने ठरवले. १८७१ साली इवाकुरा नावाच्या मोठ्या प्रधानाबरोबर एक शिष्टमंडळ अमेरिका व युरोप पाहायला निघाले. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाची वसाहत करणाऱ्या खात्यात कुरोदा नावाचे अधिकारी होते. अमेरिकेतील बायकांची हुशारी पाहून आल्यावर त्यांनी सरकारला सुचवले, की मुलांबरोबर मुलीही पाठवा. आया शहाण्या झाल्या तर प्रजा शहाणी होईल. दहा वर्षे तिकडे राहायचे, सगळा खर्च सरकारचा, वर हातखर्चाला वर्षाकाठी ८०० डॉलर, अशी बोली होती. तरीही आपली मुलगी द्यायला कोणी पुढे येईना. शेवटी पाच जणी मिळाल्या. दोघी थोराड होत्या, रियो आणि तेई. तिसरी अकरा वर्षांची सुतेमात्सू यामाकावा, चौथी तिच्याहून लहान शिगेको नागाई आणि पाचवी आपली उमे, वय वर्षे सहा!

यातील सुतेमात्सूच्या नावाची कथा ऐकण्यासारखी आहे. तिचे पाळण्यातले नाव वेगळेच होते. निघताना आईने ते बदलून सुतेमात्सू ठेवले. ‘सुते’ म्हणजे टाकून देणे आणि ‘मात्सू’ म्हणजे वाट पाहणे. आईने लेक टाकली. पण ती परत येईल म्हणून वाटेकडे डोळे लावून बसली. एवढ्या एका नावात त्या माउलीचे सगळे काळीज आले आहे.

२३ डिसेंबर १८७१ या दिवशी योकोहामा बंदरातून बोट सुटली. थंडीचे दिवस, समुद्र खवळलेला, पोरी उलट्यांनी बेजार. तेवीस दिवसांनी, १५ जानेवारी १८७२ला, बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागली. पुढे आगगाडीचा प्रवास. डोंगरात इतके बर्फ पडले, की सॉल्ट लेक सिटी येथे मंडळी पंधरवडाभर अडकून पडली. जिथे जातील तिथे त्यांचे रेशमी किमोनो पाहायला गर्दी जमायची. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी सर्व जण वॉशिंग्टनला पोहोचले. थोरल्या दोघींची प्रकृती तिकडे मानवली नाही. त्या वर्षाच्या आतच परतल्या. राहिल्या तिघी. त्यांची मैत्री जन्मभर टिकली.

उमेला वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउन गावी चार्ल्स लॅनमन व त्यांची पत्नी ॲडलीन यांच्या घरी ठेवले. चार्ल्स जपानी वकिलातीत चिटणीस होते. या जोडप्याला मूलबाळ नव्हते. त्यांनी उमेला पोटच्या मुलीसारखे वाढवले. घरात पुस्तकेच पुस्तके. उमे शाळेत हुशार निघाली. इंग्रजीबरोबर लॅटिन व फ्रेंच शिकली, पियानो शिकली. आठ वर्षांची असताना तिने आपण होऊन ख्रिस्ती धर्म घेतला. दहा वर्षांची बोली होती, ती शाळा पुरी होण्यासाठी एक वर्ष वाढवून मिळाली.

नोव्हेंबर १८८२मध्ये उमे आणि सुतेमात्सू मायदेशी परतल्या. इथून पुढे उमेला मी ‘उमेकोबाई’ म्हणते; कारण त्या आता अठराव्या वर्षाला टेकल्या होत्या आणि त्यांच्या आयुष्याची खरी परीक्षा इथेच सुरू झाली.

बंदरावर बाप, बहीण, नातलग सगळे न्यायला आले होते. पण बोलायचे कसे? उमेकोबाई जपानी भाषा पार विसरल्या होत्या. वडिलांना इंग्रजी येई, म्हणून त्यांच्याशी बोलता येई. आई काही विचारी, ते लेकीला कळत नसे. लेकीच्या मनात जे येई, ते आईला सांगता येत नसे. अकरा वर्षे जिची वाट पाहिली ती मुलगी समोर बसली आहे, आणि मध्ये दुभाषा हवा! जेवायला जमिनीवर बसायचे, वाकून नमस्कार किती वेळा करायचा, कोणाशी कोणत्या मानाने बोलायचे, हे सारे त्यांना लहान मुलासारखे पहिल्यापासून शिकावे लागले. आपण सासरी गेल्यावर चार दिवस बावरतो. यांना माहेरच सासर झाले होते.

याहून मोठे दुःख पुढे होते. सरकारी खर्चाने परदेशी जाऊन आलेल्या पुरुषांना परतताच चांगल्या जागा मिळाल्या. या मुलींना मात्र सरकारात कामच नव्हते. कुरोदा यांचे ते खातेही तोवर बंद झाले होते. मुलींना पाठवले होते खरे, पण आल्यावर त्यांचे काय करायचे याचा विचार कोणी केला नव्हता. त्या काळी जपानात मुलगी सोळा-सतरा वर्षांची झाली की लग्न, हा एकच मार्ग. शिगेको एक वर्ष आधीच परतली होती; तिने उरियू नावाच्या आरमारी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि ती संगीत शिकवू लागली. सुतेमात्सू अमेरिकेतील व्हासार कॉलेजची पदवीधर. तिनेही १८८३ साली युद्धमंत्री ओयामा यांच्याशी लग्न केले. उमेकोबाईंनाही स्थळे सांगून येत. त्यांनी ठामपणे नकार दिला. लग्न वाईट असे त्यांचे म्हणणे नव्हते. परंतु केवळ जनरीत म्हणून, मन न ओळखता, कोणाच्याही घरी जाऊन राहणे त्यांना मान्य नव्हते. आणि एक ओझे त्यांच्या मनावर सतत होते. लोकांच्या पैशावर आपण अकरा वर्षे शिकलो. ते ऋण फेडल्यावाचून घरात कसे बसायचे?

इतो हिरोबुमी हे मोठे मुत्सद्दी, पुढे ते जपानचे पहिले मुख्य प्रधान झाले. त्यांच्या घरी राहून उमेकोबाईंनी काही महिने त्यांच्या पत्नीला व मुलीला इंग्रजी शिकवले. १८८५ साली सरदार-उमरावांच्या मुलींसाठी शाळा निघाली, तिथे त्या शिक्षिका झाल्या. मानाची जागा, बांधलेला पगार. पण त्यांचे मन तिथे रमेना. त्या मुलींना शिक्षण म्हणजे अंगावरचा एक दागिना. लग्न ठरले की शाळा सुटली. जिला खरोखर स्वतःच्या पायांवर उभे राहायचे आहे, अशा मुलीला या शाळेचे दार बंद होते.

आपणही अधिक शिकले पाहिजे असे ठरवून उमेकोबाई १८८९ साली पुन्हा अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फिया शहराजवळ ब्रिन मॉर नावाचे मुलींचे कॉलेज नुकतेच, १८८५ साली, निघाले होते. तिथे त्यांनी तीन वर्षे जीवशास्त्राचा अभ्यास केला. मॉर्गन नावाच्या तरुण प्राध्यापकांबरोबर त्यांनी बेडकाच्या अंड्यावर संशोधन केले आणि तो लेख १८९४ साली इंग्लंडमधील शास्त्रीय नियतकालिकात दोघांच्या नावाने छापून आला. पुढे १९३३ साली या मॉर्गन साहेबांना नोबेल पारितोषिक मिळाले. उमेकोबाईंनी तिथेच राहून संशोधन करावे, असे कॉलेजने सुचवले होते. मोह पडावा अशीच गोष्ट होती. पण त्या परत आल्या. इतकेच नव्हे, येण्यापूर्वी गावोगाव भाषणे करून, ओळखीच्या बायकांना भेटून, त्यांनी ८,००० डॉलरचा निधी जमवला. त्याच्या व्याजावर एकेक जपानी मुलगी अमेरिकेत येऊन शिकावी, अशी ती योजना. या शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुली पुढे शाळा-कॉलेजांच्या मुख्याध्यापिका झाल्या. मला संधी मिळाली, आता दार लावून घ्या, असे म्हणणारी माणसे पुष्कळ असतात; स्वतः आत जाऊन दार मागच्यांसाठी उघडे ठेवणारी विरळा.

इथे आपल्या आनंदीबाई जोशी यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा. म्हणजे उमेकोबाई त्यांच्यापेक्षा अवघ्या तीन महिन्यांनी मोठ्या. १८८२च्या अखेरीस उमेकोबाई अमेरिकेहून परतल्या आणि १८८३च्या वसंतात आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्याच फिलाडेल्फियात १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. एकीला चौसष्ट वर्षे मिळाली, दुसरीला बावीससुद्धा नाहीत. आनंदीबाईंना आयुष्य मिळते तर त्यांनी काय काय केले असते, हे उमेकोबाईंचे चरित्र वाचताना मनात येते आणि जीव हळहळतो.

१८९८ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे स्त्रियांच्या मंडळांची मोठी परिषद भरली. जपानच्या प्रतिनिधी म्हणून उमेकोबाई तिथे गेल्या. त्या प्रवासात त्यांना अंध-बधिर हेलन केलर भेटली. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी मुलींची कॉलेजे पाहिली आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे दर्शन घेतले. बाईंनी त्यांना फुलांचा गुच्छ दिला. ती फुले उमेकोबाईंनी वहीत दाबून जन्मभर जपली.

१८९९ साली जपान सरकारने कायदा केला, की प्रत्येक प्रांतात मुलींचे हायस्कूल असलेच पाहिजे. म्हणजे आता शिक्षिका हव्यात. त्या कोठून येणार? उमेकोबाईंनी ओळखले, की हीच वेळ आहे. १९०० साली त्यांनी उमरावांच्या शाळेतील जागेचा राजीनामा दिला. पंधरा वर्षांची नोकरी, मानमरातब सगळे सोडले. १४ सप्टेंबर १९०० रोजी टोकियोच्या कोजिमाची भागात एका भाड्याच्या घरात त्यांनी स्वतःची शाळा काढली. नाव ‘जोशी एइगाकु जुकू’, म्हणजे मुलींची इंग्रजी विद्येची शाळा. विद्यार्थिनी किती? दहा!

शाळेला पैशाचे पाठबळ नव्हते, पण मैत्रिणींचे होते. सुतेमात्सू आता सेनापतीची पत्नी होती. तिने शाळेची सल्लागार होऊन आपले वजन खर्ची घातले. सुतेमात्सू अमेरिकेत ज्या घरी वाढली त्या घरची ॲलिस बेकन जपानला येऊन पगार न घेता शिकवू लागली. १९०२ साली ॲना हार्ट्सहॉर्न ही दुसरी मैत्रीण आली, ती जवळजवळ चाळीस वर्षे शाळेत राहिली. उमेकोबाईंनीही सुरुवातीला स्वतः वेतन घेतले नाही.

शिकवण्याची त्यांची पद्धत कडक होती. घोकंपट्टी त्यांना खपत नसे. मुलीने धडा घरी करून यायचा, शब्दकोश स्वतः चाळायचा, वर्गात उभे राहून आपले मत सांगायचे. उच्चार चुकला की बाई पुन्हा पुन्हा म्हणवून घेत. रडू आले तरी सोडत नसत. वर्ग लहान असावा, म्हणजे प्रत्येक मुलीचा स्वभाव गुरूला कळतो, हा त्यांचा आग्रह. इमारत आणि साहित्य यांपेक्षा शिक्षकाची तळमळ व विद्यार्थिनीची जिद्द मोठी, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. आणि नुसती भाषा येऊन भागत नाही, मुलगी सर्व बाजूंनी संपूर्ण बाई झाली पाहिजे, हेही. १९०५ साली या शाळेच्या पदवीधर मुलींना सरकारी परीक्षेवाचून इंग्रजी शिक्षिकेचा परवाना मिळू लागला. मुलींच्या खासगी शाळेला हा मान प्रथमच मिळाला. विधवा असो, गरीब असो, बिनलग्नाची असो, आता तिला स्वतःची भाकरी मानाने मिळवता येणार होती. उमेकोबाईंच्या साऱ्या खटपटीचे मर्म यातच आहे.

मधल्या काळात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. १९०२ साली त्यांनी वडिलांच्या कुटुंबाच्या नोंदीतून आपले नाव काढून स्वतःच्या नावाची वेगळी नोंद केली आणि तेव्हाच ‘उमे’ या नावाला ‘को’ जोडून ‘उमेको’ हे नाव कायम केले. आपली नावे लग्नात दुसरे लोक बदलतात. तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले जाते आणि आपण ते वाचतो. या बाईंनी सदतिसाव्या वर्षी आपले नाव आपल्या हाताने लिहिले.

त्याच एक-दोन वर्षांत टोकियोत आणखी दोन मोठी कामे उभी राहिली. १९०० साली योशिओका यायोई या डॉक्टरबाईंनी मुलींसाठी वैद्यकीची शाळा काढली आणि १९०१ साली नारुसे जिन्झो यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले. याच विद्यापीठाच्या माहितीची पुस्तिका आपल्या अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. जपानच्या मुलींसाठी पेटवलेल्या दिव्यांच्या ओळीतला एक उजेड असा आपल्या अंगणापर्यंत आला आहे.

कामाच्या ओझ्याने उमेकोबाईंची प्रकृती खालावत गेली. १९१७ साली मधुमेहाने त्यांना गाठले. त्या काळी इन्सुलिनचा शोध लागायचा होता. पथ्य आणि विश्रांती एवढाच इलाज. १९१९च्या जानेवारीत त्यांनी शाळेचा भार खाली ठेवला. नवी मुख्याध्यापिका मिळवून देण्यासाठी सुतेमात्सूने खूप धावपळ केली आणि त्याच फेब्रुवारीत इन्फ्लुएंझाच्या साथीत ती वारली. सहा वर्षांच्या वयापासूनची सोबत तुटली.

१९२२ साली शाळेसाठी टोकियोबाहेर कोदाइरा येथे मोठी जमीन घेतली. पण १ सप्टेंबर १९२३ रोजी जो भयंकर भूकंप झाला, त्यात लागलेल्या आगीत शाळेची इमारत जळून गेली. तेवीस वर्षांचा संसार राख झाला. तेव्हा ॲना हार्ट्सहॉर्न बाई, वय साठीच्या पुढचे, अमेरिकेला गेल्या आणि हिंडून-फिरून त्यांनी पाच लाख डॉलर जमवून आणले. परक्या देशाच्या मुलींसाठी एका बाईने म्हातारपणी दारोदार फिरावे, यापरते मैत्रीचे उदाहरण कोणते?

नवी इमारत पाहणे मात्र उमेकोबाईंच्या नशिबी नव्हते. १६ ऑगस्ट १९२९ रोजी कामाकुरा येथे त्यांचे निधन झाले. १९३१ साली शाळा कोदाइरास गेली, १९३३ साली तिला त्सुदा हे नाव दिले आणि १९४८ साली ती महाविद्यालयाच्या रीतसर दर्जाला पोहोचली. आज ते त्सुदा विद्यापीठ आहे. उमेकोबाईंची समाधीही तिथल्याच आवारात आहे.

१९८४ साली या कॉलेजच्या माळ्यावर एक ठेवा सापडला. उमेकोबाईंनी अमेरिकेतील लॅनमन आईला लिहिलेली शेकडो पत्रे! लोकांपुढे त्या करारी, अबोल दिसत. पत्रांत त्यांचे एकटेपण, चिडणे, हसणे, धीर खचणे आणि पुन्हा उभे राहणे, सारे आहे. जन्मदात्या आईशी मोकळे बोलायला भाषा नव्हती, म्हणून त्या सांभाळलेल्या आईशी कागदावर बोलत राहिल्या. ३ जुलै २०२४ रोजी त्यांचे चित्र असलेली पाच हजार येनची नोट निघाली. ज्या मुलीच्या जन्माने बाप घर सोडून गेला, तिचे चित्र आता देशातल्या प्रत्येक घरात जाते.

याच नावाच्या आणखी एका बाईंचा उल्लेख केला पाहिजे. उमेको आंदो (१९३२ ते २००४) या होक्काइदोतील ऐनू जमातीच्या गायिका. ज्या खात्याने १८७१ साली पाच मुली इंग्रजी शिकायला पाठवल्या, त्याच खात्याने त्याच वर्षी ऐनू लोकांना जपानी शिकण्याचा हुकूम केला आणि त्यांच्या बायकांना गोंदण्याची बंदी केली. पुढे ऐनू भाषा घराघरांतून लोपत गेली. या आंदोबाईंनी थोरल्यांकडून ऐकलेली गाणी जिवापाड जपली आणि २००० साली त्यांच्या गाण्यांची तबकडी निघाली. तिचे नाव ‘इहुंके’, म्हणजे अंगाई. एका उमेकोची भाषा परदेशात हरवली, दुसरीच्या जमातीची घरातच हरवू लागली. दोघींनीही हरवलेले परत मिळवायला जन्म वेचला.

मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. आपल्यातल्या पुष्कळ जणी माझ्यासारख्याच असतील. म्हणून या चरित्रातील मला सर्वांत धीर देणारी गोष्ट नोट किंवा विद्यापीठ ही नव्हे. ती दहा मुलींची शाळा आहे. भाड्याचे घर, चार मैत्रिणी आणि दहा मुली. आपल्या मंडळाजवळ एवढे तर नक्कीच आहे. शेजारच्या एखाद्या मुलीची शाळा सुटू पाहत असेल तर तिच्या आईशी दोन शब्द बोलणे, तिच्या फीला हातभार लावणे, आपल्या सुनेचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे होईपर्यंत घरातले काम आपण उचलणे, हेही आपल्या हातचे आहे. उमेचे झाड थंडी सरायची वाट पाहत नाही. ते थंडीतच फुलते.